गाडीच्या टपावर कयाक कसा न्यायचा (पवना, मुळशी, मालवण, कुठेही)

पवनेला जायचं म्हणून पहिल्यांदा कयाक (वल्ह्याने चालवायची लांब, अरुंद होडी) टपावर बांधला तेव्हा माझ्याकडे होतं काय, तर घरातली निळी नायलॉनची दोरी आणि दूधवाले कॅन बांधायला वापरतात तसल्या टायरच्या ट्यूबच्या पट्ट्या. बांधून झाल्यावर हलवून बघितला, हलला नाही, म्हटलं झालं काम, निघालो. जुन्या हायवेला वडगावच्या पुढे एक कंटेनर शेजारून जोरात गेला आणि कयाकचं पुढचं टोक अस्सं वर उचललं की समोरच्या काचेतून मला एकदम जास्त आभाळ दिसायला लागलं. गाडी कडेला घेतली, हात थरथरत होते खरं सांगायचं तर. तिथे चहाला थांबलेल्या एका टेम्पोवाल्या काकांनी काही न बोलता माझ्या सगळ्या गाठी सोडल्या, परत बांधल्या आणि जाताना एवढंच म्हणाले, "साहेब, हे पडायला नाय बघत, उडायला बघतंय."

त्या दिवसापासून मी हे काम त्याच नजरेने करतो. साधा एकट्याचा प्लास्टिकचा कयाक वीस ते अठ्ठावीस किलोचा असतो, टपावर नुसता ठेवला तर तो बिचारा कुठे जातोय. पण गाडी पळायला लागली की समोरून येणारी हवा त्याच्या पोटाखाली शिरते, आणि हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ४० च्या स्पीडला जेवढा होता त्याच्या चौपट ८० ला, आणि ६० वरून १०० वर गेलात तर जवळजवळ पावणेतीनपट. सोसायटीच्या गेटपाशी हलवून बघितलेला कयाक आणि एक्सप्रेसवेवरचा कयाक ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत असं समजा.

आता सुरुवात गाडीपासून. आपल्याकडे गाड्यांच्या टपावर जे चकचकीत रेल असतात ना, त्यातले बरेच नुसते शोभेचे असतात, कंपनीच मॅन्युअलमध्ये लिहिते की ह्यावर वजन टाकू नका. त्यामुळे मॅन्युअल काढा (डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकमध्ये अजून पॅक असेल) आणि टपाची वजनाची मर्यादा शोधा. साधारण ५० ते ७५ किलो असा आकडा बऱ्याच गाड्यांचा असतो आणि तो चालत्या गाडीचा असतो. लोक इथे चुकतात ते असं, की त्या आकड्यात फक्त कयाक धरतात. त्यात क्रॉसबार (टपावर आडवे बसतात ते दांडे), कयाक धरायची चौकट, पट्टे सगळं आलं. उदाहरणार्थ मर्यादा ५० किलो, क्रॉसबार ६ किलो, इंग्रजी J (जे) अक्षराच्या आकाराची, कयाक कुशीवर धरणारी एक चौकट ३ किलो, कयाक २५ किलो, झाले ३४, मस्त. पण दोन कयाक न्यायचे म्हटलं की ६ अधिक ६ अधिक ५०, म्हणजे ६२, बसत नाही. मग दुसरा कयाक मित्राच्या गाडीवर किंवा सरळ टेम्पो करा. दोन माणसांचा मोठा कयाक ३०-३८ किलोपर्यंत जातो, तोही मोजूनच.

रेल दमदार असतील तर त्यावर दोन आडवे क्रॉसबार बसतात. रेल नसलेल्या हॅचबॅकला दाराच्या चौकटीला चिमट्यासारखे धरणारे पाय मिळतात, ते तुमच्याच मॉडेलचे घ्या, "बसेल हो साहेब थोडं ठोकून" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. तिसरा प्रकार म्हणजे हवा भरायचे किंवा स्पंजचे रॅक, ज्यांचे पट्टे दारातून आत घेऊन आवळायचे असतात. छोट्या अंतराला, हळू जायला ठीक आहेत, मी वापरलेत, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पट्टा दार उघडून आतून घ्या, खिडकीतून घेतलात तर दारं उघडणारच नाहीत आणि तुम्ही खिडकीतून बाहेर याल. आणि पावसात तो पट्टा वातीसारखा पाणी ओढून आणतो, ताम्हिणीत जुलैमध्ये माझ्या मांडीवर थेंब थेंब पडत होते अख्खा घाट.

दोन क्रॉसबारमध्ये अंतर जितकं जास्त तितकं बरं, किमान साठ-सत्तर सेंटीमीटर तरी हवंच. जवळ जवळ लावले की कयाक सीसॉसारखा पुढेमागे डुलतो आणि सगळा ताण पुढच्या बारवर येतो. निघायच्या आधी कयाक ठेवण्यापूर्वीच बार हाताने धरून जोरात हलवा, गाडी हलली पाहिजे, बार नाही.

कयाक ठेवायचा कसा हा पुढचा भाग आणि ह्यात मतं खूप आहेत. माझं मत सांगतो. प्लास्टिकच्या कयाकचं पोट हा त्याचा सगळ्यात मऊ भाग, त्यामुळे सरळ, पोटावर, नुसत्या बारवर ठेवून आवळला की तिथे खळगे पडतात, उन्हाळ्यात तर हमखास, कारण टप तापतो, प्लास्टिक नरम होतं. म्हणून तो पालथा घाला किंवा कुशीवर ठेवा. वर बसायचा उघडा कयाक असेल तर पालथा, कडा बारवर, मध्ये स्पंज. स्पंज म्हणून पोहण्याच्या क्लासमध्ये मुलं धरतात त्या फोमच्या लांब नळ्या चिरून बारवर चढवा, किंवा जुनी योगा मॅट गुंडाळून टेप मारा. बांबूवर गोणपाट गुंडाळून वगैरे जुगाड मी बघितलाय, पाऊस पडला की गोणपाट भिजून सरकतं, नको. आत बसायचा कयाक असेल तर जे चौकटीत कुशीवर सगळ्यात छान बसतो, आणि त्या चौकटीत टपावर जागाही कमी लागते. फायबरच्या लांब समुद्री कयाकला त्याच्या पोटाच्या आकाराचे मऊ पाळणे मिळतात, त्यात तो सरळ ठेवतात. फुगवायचा कयाक ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे वाचायची गरजच नाही, पिशवीत घालून डिकीत टाका आणि आम्हाला हसा.

पालथ्याचा अजून एक फायदा म्हणजे उंची. हे मी महागात शिकलो नाही पण शेजारी शिकले. जे चौकटीत कुशीवर उभा केलेला कयाक बारच्या वर पासष्ट-सत्तर सेंटीमीटर जातो. दीड मीटर उंच हॅचबॅक, बार दहा सेंटीमीटर, म्हणजे एकूण सव्वादोन-दोन पॉइंट तीन मीटर झाले. आता तुमच्या सोसायटीच्या बेसमेंटवर पाटी काय आहे बघा, बऱ्याच ठिकाणी २.१ मीटर असते. धरणाकडे जाणाऱ्या गावरस्त्यांवर डंपर अडवायला लोखंडी कमानी लावलेल्या असतात, त्याही आहेत. एकदा टेप घेऊन जमिनीपासून कयाकच्या टोकापर्यंत मोजा आणि तो आकडा मार्करने कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. परत येताना दमलेलो असतो, टपावर काही आहे हेच विसरायला होतं आणि डायरेक्ट बेसमेंटच्या उतारावर गाडी घालतो, नेमकं तेव्हाच होतं.

चढवणं. दोघं असाल तर काही प्रश्न नाही, एकेक टोक धरा, गुडघ्यात वाका, पाठीत नाही, एकजण "हं" म्हणेल तेव्हाच उचला. एकटे असाल तर मागून चढवा: मागच्या काचेवर आणि टपाच्या कडेवर जाड सतरंजी किंवा रबरी पायपुसणं टाका, कयाकचं पुढचं टोक त्यावर टेकवा, मग मागचं टोक उचलून पुढे ढकला, सरकत जातो. पण हल्ली गाड्यांना मागे स्पॉयलर असतो तो प्लास्टिकचा, त्यावर वजन नको, आणि माशाच्या पंखासारखा अँटेना असतो तो तर पहिल्याच झटक्यात जातो. अँटेना असेल तर बाजूने चढवा, आधी एक टोक मागच्या बारवर, मग दुसरं पुढच्यावर. कयाक डाव्या-उजव्या बाजूला जरा सरकवून ठेवलात तरी चालेल पण पुढेमागे मात्र त्याचं मधलं वजन दोन बारच्या मध्ये यायला पाहिजे, दोन्हीकडे साधारण सारखा बाहेर.

आणि चढवण्याआधी आतलं सगळं काढा. सीट, पाण्याची बाटली, चपला, स्पंज, झाकणं ढिली असतील तर ती. पॅडल गाडीच्या आत. उलटा करून आतलं पाणीही काढा, बादलीभर पाणी म्हणजे चांगलं पंधरा किलो, आणि ते ब्रेक मारला की धावतं.

आता बांधणं, इथे थोडा वेळ घेतो.

पट्टे घ्यायचे ते साध्या दातेरी बक्कलचे, म्हणजे अंगठ्याने दाबलं की सैल होतं आणि शेपटी ओढली की आवळतं ते, कॅम बक्कल म्हणतात त्याला. पॉलिस्टरचे असतील तर उत्तम, कारण नायलॉन ओलं झालं की ताणतं, सकाळी कडक बांधलेलं दुपारी पावसात सैल. ट्रकवर असतात ते खटखट आवळायचे रॅचेट पट्टे पण चालतात असं लोक म्हणतात, मला ते कयाकला आवडत नाहीत, त्यात ताकद किती लागतेय हे हाताला कळत नाही आणि दोन खटके जास्त झाले की कयाक चेपतो. रबरी ट्यूब, हुकवाल्या लवचिक दोऱ्या, ह्या फक्त सैल शेपट्या बांधायला. लवचिक गोष्टीचं कामच ताणणं, ती वाऱ्याला कशी अडवणार?

दोन पट्टे, प्रत्येक बारला एक. बक्कलचं टोक एका बाजूला ठेवून उरलेला पट्टा कयाकवरून पलीकडे टाका (बक्कल फेकू नका, काच फुटते, नाहीतर पलीकडे उभ्या बायकोला लागतं आणि मग ट्रिपच रद्द), पलीकडे बारच्या खालून घ्या, परत कयाकवरून इकडे आणा, इकडच्या बाजूला बारखालून घ्या आणि बक्कलमध्ये घालून ओढा. पट्टा बारच्या पायांच्या आतल्या बाजूने जायला हवा, बाहेरच्या बाजूने गेला तर सरकत सरकत टोकावरून निसटू शकतो. जे चौकट असली तरी पट्टा बारलाच वेढला पाहिजे, नुसता चौकटीला नाही, म्हणजे उद्या चौकटीचा बोल्ट ढिला झाला तरी कयाक बारला बांधलेला राहतो. बक्कलच्या खाली कापडाचा तुकडा नाहीतर रंगाला ओरखडा ठरलेला. आवळायचं किती? हाताने ओढून घट्ट, बस्स. कयाकच्या अंगात पट्टा रुतताना दिसला तर जास्त झालं. आणि कयाक व बारच्या मध्ये जिथे पट्टा मोकळा हवेत असतो तिथे त्याला एक-दोन पीळ द्या, नाहीतर साठच्या पुढे गेलं की तो पट्टा असा भोंग्यासारखा घुमायला लागतो की गाणी ऐकू येत नाहीत. शेपटी निरगाठ मारून बांधून टाका.

एवढ्यावर नव्वद टक्के लोक थांबतात. मीही थांबायचो. पण टेम्पोवाल्या काकांनी केलेलं खरं काम पुढच्या आणि मागच्या दोरीचं होतं. कयाकचं पुढचं टोक म्हणजे लांब दांडा आहे, बारपासून मीटरभर पुढे, वारा तिथे धरतो आणि तरफेसारखं उचलतो, ती ताकद मधल्या पट्ट्यांवर कितीतरी वाढून येते. म्हणून पुढच्या टोकाच्या हँडलपासून दोन दोऱ्या खाली, उलट्या व्ही सारख्या, बोनेटच्या दोन बाजूंना. बांधायच्या कशाला? बोनेट उघडलंत की कडेला पत्र्याचे बोल्ट दिसतील, त्यातल्या एकेकाखाली जाड पट्ट्याचा फास बसवता येतो, बोनेट बंद केलं की फास बाहेर डोकावतो, काम झालं की आत ढकलून द्या. किंवा गाडीसोबत जॅकच्या पिशवीत टोइंगचा हुक येतो, पुढच्या बंपरला छोटं झाकण असतं तिथे तो फिरवून बसतो, पान्याने पूर्ण आवळा. मागेही तसंच, बऱ्याच गाड्यांना मागे खाली कडी असते. बंपरला, ग्रिलला, नंबरप्लेटच्या पट्टीला बांधू नका, सगळं प्लास्टिक. दोरी पत्र्याच्या कडेवर घासत असेल तर बागेच्या पाईपचा तुकडा उभा चिरून तिथे चढवा.

गाठ कुठली, तर ट्रकवाले ताडपत्री आवळायला मारतात ती. दोरीच्या मध्यात एक फास करायचा, दोरीचं मोकळं टोक खालच्या कडीतून घालून परत वर आणून त्या फासातून ओढायचं, मग खाली खेचलं की कप्पीसारखं आवळलं जातं, आणि शेवटी दोन आडव्या गाठी. मोकळं करताना सुरगाठीसारखं सुटतं, ओली दोरी दातांनी सोडत बसावं लागत नाही. यूट्यूबवर बघून येत नाही हे, घरी खिडकीच्या गजाला दहा वेळा मारा, येते. पण इथे उलटी चूक करू नका, ही दोरी तंगली की पुरे, कयाक धनुष्यासारखा वाकेल इतकी ओढायची नाही. आणि लोंबणारं टोक एक इंचही ठेवू नका. पुढची दोरी सुटून चाकाखाली गेली तर चाक तिला गुंडाळतं आणि कयाक खेचून घेतं, पुढची काच गेलीच समजा.

सगळं झालं की कयाकचं टोक धरून जोरात हलवा. कयाक आणि गाडी एकत्र डुलली पाहिजे. कयाक वेगळा आणि गाडी वेगळी हलत असेल तर परत बांधा, आळस करू नका.

पोलिसांचा विषय निघतोच. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४(१ए) आहे, सामान गाडीच्या बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला परवानगीच्या बाहेर गेलं तर वीस हजार दंड आणि वर ते उतरवायचा खर्च. दहा फुटी कयाक म्हणजे तीन मीटर, चार मीटरच्या आतल्या हॅचबॅकवर तो गाडीच्या लांबीतच बसतो, अडचण नाही. पण सोळा-सतरा फुटी समुद्री कयाक पाच मीटर होतो, तो पुढेमागे बाहेर येणारच, त्यासाठी एकतर लांब गाडी बघा नाहीतर दोन भागांत सुटणारा कयाक घ्या. लाल फडकं बांधलं की सगळं माफ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, फडकं मागच्याला दिसायला असतं, दंडातून सुटायला नाही. टोक थोडं जरी मागे आलं असेल तर फडकं बांधाच, रात्र असेल तर लाल दिवा, बाइकवाल्याच्या डोळ्यांच्या उंचीवरच ते टोक असतं.

रस्त्यावर. पहिल्या पाच किलोमीटरनंतर थांबा, न चुकता. पट्टे बसतात, स्पंज दबतो, थोडं सैल होतंच. मी चांदणी चौकातून निघालो की भूगावला एकदा थांबतो, चहा होतो, पट्टे होतात. मग दर थांब्याला एकदा हात लावून बघायचं. स्पीड, एक्सप्रेसवेवर गाड्यांना १०० ची मर्यादा आहे म्हणून १०० नी जायची सक्ती नाही, मी सत्तर-ऐंशीच्या वर जात नाही आणि लोक हॉर्न मारतात, मारू देत. आडवा वारा जास्त वाईट असतो, तो कयाकला बाजूने ढकलतो आणि स्टेअरिंग हातात जड लागतं. मोकळ्या पुलांवर हे कळतं, वाशीची खाडी, अटल सेतू तर बावीस किलोमीटरचा, त्यातले साडेसोळा उघड्या समुद्रावर, तिथे कयाक असताना पावसाळी वाऱ्यात जाणं मी तरी टाळतो, लांबून जातो. घाटात एसटी समोरून आली की तिच्या हवेचा फटका बसतो, तेवढ्यापुरतं स्टेअरिंग दोन्ही हातात.

टोलनाक्यावर मागचं टोक लक्षात ठेवा. तो आडवा दांडा गाडी पुढे गेली म्हणून खाली येतो, त्याला कयाक माहीत नसतो. बाहेर टोक असेल तर बूथवाल्या दादांना आधीच हात करून सांगा. गावात वडाच्या पारंब्या, लग्नाच्या मांडवाच्या कमानी, खाली आलेल्या केबलच्या वायरी, हे सगळं आपल्याला गाडीत बसून दिसत नाही कारण डोळा खाली असतो, शंका आली तर कुणालातरी उतरवा बघायला. स्पीडब्रेकरवर अगदी हळू, मुंबई-गोवा हायवेच्या खड्ड्यांत तर विचारूच नका, एका आपट्यात पुढची दोरी सैल झालेली मी बघितलीय, म्हणून कोलाडला थांबून परत तपासतो.

पोचल्यावर पट्टे लगेच सोडा. उन्हात आवळलेला कयाक दिवसभर टपावर ठेवून जेवायला गेलात तर संध्याकाळी त्याच्या पोटावर दोन खाचा. पडल्याच तर घाबरायचं नाही, कयाक पालथा करून खळगा उन्हाकडे ठेवा, तापला की बऱ्याचदा आपोआप बाहेर येतो, आतून हाताने हलका दाब दिला तरी येतो. हातोडी, गरम इस्त्री असले प्रकार नकोत.

तारकर्लीहून, अलिबागहून, गोव्याहून परत आलात की कयाक सगळे धुतात, पट्टे कुणी धूत नाही. खारं पाणी आणि वाळू बक्कलच्या दातांत जाऊन बसते, स्प्रिंग गंजते, आणि पुढच्या वेळी बक्कल धरतंय असं वाटतं पण हळूहळू सुटत असतं. बादलीत गोडं पाणी घ्या, पट्टे अर्धा तास बुडवा, बक्कल आत बोट घालून साफ करा, सावलीत वाळवा, उन्हात वर्षभर राहिलेला पट्टा कडक होऊन कडेने फिसकटायला लागतो. बारचे बोल्टही पुसून घ्या. फिसकटलेला पट्टा दिसला की तिथेच कात्रीने दोन तुकडे करून टाका, "राहू दे, कधीतरी लागेल" म्हणून डिकीत ठेवलात तर घाईच्या सकाळी नेमका तोच हातात येतो.